उजवा हात कुणाचा

डोंबिवलीच्या पुढं खाडीकाठाला एक पाडा होता, आणि पाड्याच्या खाली खाजण. खाजण म्हणजे भरतीला पाणी आणि ओहोटीला चिखल. चिखल तरी कसा? त्यात एकदा खोताचा घोडा रुतला, तो अजून निघालेला नाही. उन्हाळ्यात चिखल भेगाळला की आतून खिंकाळतो. आणि तिथले डास! दोघं मिळून माणसाला उचलतील, खाडीपल्याड ठाण्याला नेऊन सोडतील, आणि वर नावेचं भाडंही मागणार नाहीत. असल्या त्या चिखलात त्या उन्हाळ्यात आवडाबाई एकटी बांध घालत होती, आणि हे मात्र अक्षर न् अक्षर खरं.

बांध तिच्या नवऱ्यानं सुरू केलेला. खाडी बाहेर ठेवली की खाजणाची खार होते, खारीत भात पिकतं. खोतानं त्याला शब्द दिलेला, हा तुकडा बांधून घे, कायमचा तुझा. त्यानं निम्म्याच्या वर बांध नेला, आणि भादव्यात तापानं आठवड्यात आटोपला. आवडाबाई खोताकडं गेली तेव्हा खोत पान लावत होता. मान वर न करता म्हणाला, "बाई, मी शब्द फिरवत नाही. मृगाच्या आत बांधाचं तोंड बुजलेलं दिसलं तर खार तुझी. नाही दिसलं तर तुझा दीर काळुराम मागतोच आहे."

तिला जमीन कशाला हवी होती? खायला एकच तोंड. ते मिठागरात मीठ ओढून भरत होतंच. तिला जमीन हवी होती ती धाकूसाठी. धाकू तिचा एकुलता लेक. बापाचं तेरावं झालं, आणि तो कल्याणच्या ठेसनात इंजिनात पाणी भरायच्या कामाला लागला. आगगाडी तेव्हा दोन्ही घाट चढून देशावर जायला लागली होती, आणि घाट चढायच्या आधी इंजिन म्हणे म्हशीसारखं पाणी पितं. बायकोला, टिटवाळ्याकडच्या नंदाला, तो बरोबर घेऊन गेला. जाताना म्हणाला, "आये, दुसऱ्याच्या मिठागरात मी परत उतरायचा नाय. आपली जमीन असती तर गोष्ट येगळी."

आवडाबाईनं त्यातलं शेवटचं तेवढं उचललं, आणि कुदळ हातात घेतली.

सकाळी मिठागर. ओहोटी लागली की खाजण. कुदळीनं चिखलाच्या ढेपा काढायच्या, पाटीत भरायच्या, डोक्यावरून बांधावर नेऊन रचायच्या. एक थर ढेपांचा, एक थर खाडीकाठच्या तिवराच्या फांद्यांचा आणि पेंढ्याचा, वर परत ढेपा. पायानं तुडवायचं. मिठानं टाचांना भेगा पडलेल्या, त्यात चिखलाचं खारं पाणी शिरलं की डोक्यापर्यंत कळ जायची. पण खरी अडचण वेगळीच. भरलेली पाटी डोक्यावर चढवायला दुसरं माणूस लागतं. बाई कितीही दांडगी असली तरी ओल्या चिखलाची पाटी जमिनीवरून एकटीच्यानं डोक्यावर जात नाही.

मग तिनं छातीएवढा चिखलाचा एक ढीग केला. पाटी त्याच्यावर ठेवायची, तिथंच भरायची, आणि खाली वाकून डोकं घालायचं. त्या ढिगाला ती नवऱ्यासारखी हाक मारायची. "अवं, द्या जरा वर." ढीग निमूट पाटी द्यायचा. जिवंतपणी नवऱ्यानं एवढं निमूटपणे कधी काही दिलं नव्हतं.

बोलायला आणखी निवट्या होत्या. निवटी म्हणजे चिखलातला मासा. ओहोटीला बाहेर येऊन बसतो, डोळे डोक्यावर काढून ऐकतो. आवडाबाई त्यांना धाकूच्या गोष्टी सांगायची. तो लहानपणी कसा खेकड्याला दोरी बांधून बैल म्हणून फिरवायचा. कसा एकदा त्या खेकड्यानं खोताच्या कारभाऱ्याचं धोतर धरलं, ते कारभारी घरी पोचेपर्यंत सोडलं नाही, आणि पाव्हणा म्हणून जेवूनच परत आला. निवट्या शेवटपर्यंत ऐकायच्या. मग भरती यायची आणि त्याही जायच्या.

काळुराम रोज एकदा चक्कर मारी. त्याची स्वतःची खार शेजारीच, मधे एकच जुना बांध. एक दिवस त्यानं आपली म्हैस आवडाबाईच्या ताज्या बांधावरून नेली. खुरांखाली त्या दिवसाच्या सगळ्या कामाचा परत चिखल झाला.

"भावजी, म्हस आवरा!"

"म्हशीला काय कळतं गो वयनी, बांध कुणाचा?"

"तिला नसंल कळत. तिच्या मागनं चालतो त्याला?"

"त्याला कळतं," काळुराम हसला, "म्हनून तर सांगतो. बाईमानसानं खाडी अडवायची नसते. पदर पसरशील काय तिच्यापुढं? तुजा लेक काय येत नाय आता. तो सायबाच्या रेल्वेचा झाला. उगा हाडं झिजवतंस."

म्हैस गेल्यावर आवडाबाईनं खुरांचे खड्डे बुजवले, एकेक. तिला उत्तर द्यायची गरज नव्हती. तिच्याकडं देवीचा कौल होता.

तो कौल तिनं होळीनंतर लावला होता. पाड्याच्या तोंडाशी खाजणदेवीचा शेंदूर लावलेला दगड, माणसाच्या कमरेएवढा, दोन खांदे असल्यासारखा. कौल लावायचा म्हणजे तांदळाचे दोन दाणे ओले करून देवीच्या दोन खांद्यांवर चिकटवायचे आणि प्रश्न विचारायचा. उजवा दाणा आधी पडला तर हो. डावा पडला तर नाही. पाड्यात कौल लावायचा मान गणू भगताचा. पण गणू भगत काळुरामाबरोबर एकाच ताडाखाली बसून ताडी प्यायचा, तेव्हा त्या कौलात काळुरामाचं तोंड बोलणार हे बारकं पोरही सांगेल. म्हणून आवडाबाई भर दुपारी, सगळा पाडा पडलेला असताना, एकटी गेली. दाणे चिकटवले, समोर बसली, आणि म्हणाली, "आई, मी बांध पुरा केला तर माजा धाकू घरी येल का?"

ती किती वेळ बसली कोण जाणे. घामाचा थेंब भुवईवरून डोळ्यात गेला तरी तिनं पापणी हलवली नाही. मग तिच्या उजव्या हाताच्या बाजूचा दाणा सरकला आणि पडला.

तेव्हापासून तिला एकटं वाटलं नाही असं नाही. वाटायचंच. पण एकटं वाटलं तरी पाटी हलकी लागायची.

वैशाख सरत आला तेव्हा बांध दोन्हीकडून येऊन मधे फक्त तोंड उरलं, गाडी जाईल एवढं. बांधाचं काम तिथंच असतं. बाकीचा बांध एकटी बाई घालील, तोंड एकटीनं बुजत नाही. एका ओहोटीत सगळं भरून वर आलं पाहिजे, नाहीतर भरती उरलेल्या फटीतून घुसते आणि सगळंच घेऊन जाते. त्यासाठी भांगाची ओहोटी धरायची, अष्टमीच्या आसपासची, तेव्हा खाडी मरगळलेली असते. अष्टमी जवळ आली होती. तिच्यानंतरच्या भांगापर्यंत मृग आलाच असता.

आवडाबाईनं कल्याणच्या बाजाराला जाणाऱ्या कोळणीकडून धाकूला निरोप धाडला, "अष्टमीला ये. तोंड बुजवायचं हाय." आणि पाड्यात दारोदार जाऊन सांगितलं. दारं उघडली, माना हलल्या, हो मात्र कुणी म्हटलं नाही. काळुरामाच्या वाटेला कोण जाणार? फक्त म्हातारी सखुबाई म्हणाली, "मी येतंय. माज्या सुना पन येतील. नाय आल्या तर त्यांच्या झिंज्या धरून आनतंय."

अष्टमीच्या आदल्या दिवशी दोघी तिवराच्या फांद्या तोडत होत्या. सखुबाईच्या तोंडात दात एकच, पण तो सगळ्या पाड्याला पुरायचा.

"आवडे," ती म्हणाली, "धाकू नाय आला तर?"

"येल. देवीनं कौल दिलाय."

"गणूनं लावला?"

"मीच लावला."

सखुबाईनं कोयता थांबवला. "तू? कसा लावलास?"

"कसा म्हंजे? दाने लावले. समोर बसले. उजवा पडला." आणि आवडाबाईनं आपला उजवा हात वर करून दाखवला.

सखुबाई त्या हाताकडं बघत राहिली. "ह्या हाताला पडला?"

"ह्याच."

"बाय माजे," सखुबाई हळू म्हणाली, "देवी तुज्याकडं तोंड करून बसलीय ना गो? मग तुज्या उजव्या हाताला तिचा कुठला हात येल?"

आवडाबाईनं सखुबाईकडं तोंड केलं. आपला उजवा हात पुढं केला. तो सखुबाईच्या डाव्या हाताला लागला.

आता ही चूक तिच्याकडून झाली कशी? तिचं माहेर माजिवड्याकडचं. तिच्या माहेरच्या पाड्याची देवी खाडीच्या अगदी कडेला, पाण्याकडं तोंड करून बसलेली. पुढं उभं राहायला जागाच नाही, थेट पाणी. म्हणून सगळे तिच्या पाठीमागं उभे राहून कौल लावायचे. देवीचा उजवा तोच माणसाचा उजवा. त्या देवीचं तोंड कसं आहे हे माशांशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं, आणि मासे सांगायला आले तर लोक त्यांचं कालवण करायचे. सासरी इतकी वर्षं काढली, पण इथं कौल भगत लावणार, उत्तर भगत ओरडून सांगणार. बायका लांब उभ्या. कुठला दाणा पडला हे तिनं कधी पाहिलंच नव्हतं.

"म्हंजे नाय म्हनाली ती," आवडाबाई म्हणाली.

सखुबाईनं कोयत्याला लागलेला चीक पदराला पुसला.

"होळीपासनं नाय म्हनतेय. आन मी..." आवडाबाई खाली बसली. तिच्या टाचा, गुडघे, खांदे, सगळं एकदम दुखायला लागलं. इतके दिवस कुठं लपून बसलेलं कोण जाणे.

"हे बघ," सखुबाई तिच्याजवळ बसली, "मला एक सांग. तू माजिवड्याची हाय हे देवीला ठावं नाय? तू कुठल्या बाजूनं बघशील हे तिला कळलं नसंल? मग तिनं दाना पाडला तो तुज्या डोळ्यानं पाडला का तिच्या?"

"म्हंजे हो म्हनाली?"

"मला काय म्हाईत! मी काय देवी हाय? मला एक दात हाय." सखुबाई उठली. "फांद्या उचल. ऊन उतरतंय."

संध्याकाळी आवडाबाई देवीपुढं जाऊन उभी राहिली. आधी पुढून बघितलं. मग मागं जाऊन बघितलं. मागून देवी अगदी माहेरच्यासारखी दिसत होती. पदराच्या गाठीतून तिनं तांदळाचे दोन दाणे काढले, ओले केले, आणि हात पुढं नेला. परत विचारलं की कळेल. पण डावा पडला तर? उद्या तोंड कुणाच्या जिवावर बुजवायचं? आणि उजवा पडला तर खरा धरायचा कुठला, मागचा का आजचा?

तिनं दोन्ही दाणे आपल्याच तोंडात टाकले आणि चावून खाल्ले.

"तू काय बोललीस ते तुला ठावं," ती दगडाला म्हणाली. "पोर येल का नाय ते तुजं. तोंड बुजवायचं ते माजं. उद्या खाडीला जरा आवर, बाकी मी बघतंय."

अष्टमीला ओहोटी लागली तेव्हा सखुबाई आली, तिच्या दोन सुना आल्या, आणि पाड्यातली आणखी चार माणसं, इकडं-तिकडं बघत, वाट चुकल्यासारखी. धाकू नव्हता. आवडाबाईनं रुळाच्या वाटेकडं बघितलं नाही. बघायचं नाही असं ठरवलं होतं. कंबर बांधली आणि पहिली ढेप घातली.

तिवराच्या मेखा ठोकल्या, मधे फांद्या, वर पेंढा, ढेपा. पाट्या हातोहात चालल्या. पाणी उतरून तळाशी ओघळ राहिला होता. ऊन डोक्यावर आलं. तोंड निम्मं भरलं असेल, तेव्हा सखुबाईची धाकटी सून म्हणाली, "तो बघा कोन येतोय."

धाकू येत होता. गळ्यात रेल्वेचे बूट नाड्यांनी अडकवलेले, विजार गुडघ्यापर्यंत गुंडाळलेली. आल्या आल्या त्यानं बूट बांधावर ठेवले आणि चिखलात उतरला. "आये, सायबानं सकाळी सोडला. लवकर नाय सोडला." एवढंच. मग तो कुदळ मारायला लागला, आणि एका घावात एवढी ढेप निघाली की बाकीच्यांना ती दोन पाट्यांत न्यावी लागली. बापाचाच हात. आवडाबाई बघत राहिली तशी सखुबाई ओरडली, "अगं, लेक मंग बघ! पानी फिरलंय!"

पाणी फिरलं होतं. भरती लागली. तोंड अजून हातभर खाली. काळुराम आपल्या खारीच्या बांधावर हाताची घडी घालून उभा होता, मघापासून. पाणी चढत आलं, आणि तोंडाच्या एका कडेनं, मेखेच्या शेजारून, बोटाएवढी धार आत आली. बोटाची मनगटाएवढी झाली. पेंढा हलला.

"गेलं!" कुणीतरी म्हणालं.

आवडाबाई धारेत बसली. खरंच बसली, पाठ लावून, पाय रोवून, जशी दाराला पाठ लावून बसतात. गार पाणी पाठीवर आपटत होतं. "माज्याभोवती ढेपा टाका!" ती ओरडली. धाकूनं टाकल्या, सुनांनी टाकल्या. तरी दुसऱ्या कडेनं फटकन मेख उपटली. तिथं कुणी पोचायच्या आत काळुराम उडी मारून त्या मेखेवर पडला होता.

"तुज्यासाठी नाय गो वयनी!" तो नाकातोंडातलं पाणी थुंकत ओरडला. "तुजा बांध गेला तर तुंबलेली खाडी माजा जुना बांध फोडून माज्या खारीत येल, म्हनून! अरे धाकल्या, बघतोस काय, काकावर ढेप टाक! अंगावर नको रे, मेल्या, बाजूला!"

"काका, बाजू कुठली? सगळीकडं तुमीच हाय!"

सखुबाईच्या सुना हसत हसत पाट्या ओतत होत्या. आवडाबाईच्या पाठीमागचा जोर कमी झाला, मग थांबला. तिला हाताला धरून ओढून काढलं तेव्हा तिचा आकार चिखलात तसाच राहिला, आणि त्यात धाकूनं शेवटची ढेप घातली.

माणसं गेली. काळुराम धोतर पिळत गेला. मायलेक बांधावर बसले. तिनं फडक्यातली भाकरी आणि सुकट काढली. धाकू जेवत होता, ती बघत होती. त्याच्या हाताला कोळशाचा काळा रंग बसला होता, चिखलानंसुद्धा न गेलेला. खाडी वर आली, बांधाला लागली, आणि तिथंच थांबली.

"चांगला बांध झाला," तो म्हणाला. "बा असता तर..."

"हां."

"नंदाला दिवस गेलेत."

"मला वाटलंच. तू दोन भाकऱ्या खाल्ल्यास. असली बातमी सांगायची असली की तुजा बापपन असाच खायचा."

तो हसला. मग बांधावरचा चिखल नखानं खरवडत राहिला. "आये, पावसाळा होऊ दे. मग बघू. म्हंजे... ठेसनात आता मला इंजिनावर घेतील म्हनतात. खोली पन हाय. तुला तिकडं..."

लहानपणी काही फोडलं की असाच खाली बघून खरवडत बसायचा.

"तू परत येत नाय," आवडाबाई म्हणाली. त्याचं वाक्य तिनंच पुरं केलं, पाटीला हात लावावा तसं. "तिकडं चांगलं हाय तुजं. ऱ्हा तिकडं."

"तू ये माज्याकडं."

"आन खार कोन बघंल? तुजा काका?"

गाडीची वेळ झाली होती. धाकूनं पाय धुतले, बूट चढवले, तिच्या पाया पडला. ती त्याच्याबरोबर चढापर्यंत गेली, मग उभी राहिली. तो वळून बघायचा थांबला तरी उभी राहिली. देवीच्या दगडावरून येताना तिनं काही विचारलं नाही. नुसते हात जोडले. हो म्हणाली होती का नाही म्हणाली होती, काय ते घडून गेलं होतं, आणि दोन्हींत बसत होतं. पोर आलं होतं. घरी आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी खोताचा माणूस आला, बांधावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालला, तोंडावर दोनदा उडी मारून बघितली आणि म्हणाला, "बरं हाय. सांगतो धन्याला." एवढंच म्हणून गेला. खार तिची झाली.

ती आत उतरली. पहिल्यांदाच भरती येऊन गेली होती आणि आत पाणी नव्हतं. चिखल सुकायला लागला होता, वर बारीक पांढरं मीठ फुललं होतं. पाऊस ते धुऊन काढील, यंदा थोडं, पुढच्या साली थोडं, मग भात. ती कुदळ घेऊन चालली आणि थांबली.

तोंडाच्या आतल्या अंगाला कालचे पाय उमटलेले होते. सखुबाईचे फेंगडे. सुनांचे. काळुरामाचे, उडी मारली तिथं खड्डाच. आणि धाकूचे, अनवाणी, अंगठा बाहेर काढलेला, बापासारखा. इतकी वर्षं ती त्या चिखलात चालली, धाकू चालला, त्याचा बाप चालला, आणि खाडीनं रोज दोनदा सगळं पुसून नेलं. आता पुसायला कुणी येत नव्हतं.

मग आवडाबाई त्या पायांना वळसा घालून पलीकडं गेली, आणि तिकडून खणायला लागली.